सत्तावीस अंशांना लोकरीचं टोपडं

...आणि वर टोपडं. लोकरीचं. कानांवरून खाली येणारं, हनुवटीखाली नाडी बांधलेलं. खोलीत सत्तावीस अंश, खिडकी बंद, पंखा बंद, दाराच्या फटीला टॉवेल, आणि सहा महिन्यांची मुलगी, माझी नात, सख्खी नात, अंगात झबलं, त्यावर फ्लॅनेलचं अंगडं, त्यावर स्वेटर, त्यावर दुपटं, पायात मोजे, हातांत मोजे, आणि वर हे टोपडं, अशी बांधून ठेवलेली, की मी दार उघडलं तेव्हा मला नात दिसलीच नाही, एक गाठोडं दिसलं, गाठोड्याला नाक दिसलं आणि नाकावर घाम दिसला. तुम्हाला सांगतो, मी संतापी माणूस नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला बसतो, ज्यांनी माझं वाईट केलं त्यांचंही भलं चिंततो, नावं घेऊन चिंततो, क्रम ठरलेला आहे. पण त्या संध्याकाळी त्या क्रमातलं एक नाव मी गाळलं, आणि डोळे मिटून शांत बसलो, आणि गाळल्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

कोणाचं नाव, विचारा ना. विहीणबाईंचं. माझ्या सुनेच्या मातोश्रींचं.

आता तुम्ही म्हणाल, आजीच ती, मायेनं केलं असेल. मायेनंच केलं. मी कुठं नाही म्हणतो? पण माया ही मोठी जोखमीची गोष्ट आहे, तिच्यावर आकडे छापलेले नसतात, ती किती चढली हे बाहेरून वाचता येत नाही. अज्ञान क्षम्य आहे असं मी मानतो. अज्ञानाला हनुवटीखाली नाडी बांधणं क्षम्य नाही. म्हणून मी ठरवलं, की या बाईंना याचं उत्तर मिळायला हवं, चारचौघांत मिळायला हवं, आणि माझ्या हातून मिळायला हवं. सूड हा शब्द मी वापरत नाही. मी न्याय म्हणतो.

पण तुम्हाला मुळापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मलाच खुनशी समजाल.

मी एकतीस वर्षं शीतगृहात काढली. कोल्ड स्टोरेज म्हणतात ते. बटाट्यांचं. चार दालनं, प्रत्येक दालनात छतापर्यंत पोती, आणि तापमानावर लक्ष ठेवायला मी. दर दोन तासांनी जाड कोट चढवायचा, आत जायचं, भिंतीवरचा काटा वाचायचा, नोंदवहीत आकडा लिहायचा, पुढे सही. चार अंश. चार अंश. चार अंश. एकतीस वर्षं चार अंश. पाच झाले की साहेबांना कळवायचं, सहा झाले की घंटा. माझ्या नोंदवहीत तुम्हाला एक खाडाखोड सापडणार नाही. अशा माणसाला तापमान या विषयावर कोणी शिकवावं, आणि तेही कोणी, तर बेकरीवाल्या बाईंनी?

हो, विहीणबाईंची बेकरी आहे. तीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभ्या आहेत, पाव आत, पाव बाहेर, बिस्किटं आत, बिस्किटं बाहेर, आणि भट्टीपासून चार पावलं लांब आल्या की त्यांना हुडहुडी भरते. चिरंजीवाच्या घरी येतात, भर दुपारी, बाहेर कुत्री सावली शोधताहेत, आणि या दारातच खांद्यावरची शाल ओढून घेतात, "अगं बाई, काय गारठा आहे तुमच्याकडे." आणि शेजारी मी, रुमालानं मान पुसतोय. यावरून शहाण्या माणसानं काय ओळखावं? की या बाईंचं काही खरं नाही. मी तेच ओळखलं.

तर दीड महिन्यापूर्वी काय झालं. हवा बदलायचे दिवस, सकाळी गार, दुपारी उकाडा, जाड कपडे कपाटात ठेवावेत की बाहेर काढावेत हे कोणालाच ठरवता येत नाही असे. चिरंजीव आणि सूनबाई आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात, तिथं मी सकाळी दहाला हजर. ढमी झोपलेली. नातीला आम्ही ढमी म्हणतो, खरं नाव बरंच मोठं आहे, ते तिला पेलेपर्यंत ढमी. मीच झोपवली होती. अंगात बिनबाह्यांचं मलमलचं झबलं, पाय उघडे, पंखा दोनवर, खिडकी सताड उघडी, खोलीत वीस अंश. स्वतः वाचले. आता तुम्ही मला सांगा, वीस अंश म्हणजे काय थंडी झाली? वीस अंशांना आमच्याकडे घंटा वाजून वाजून बंद पडली असती, मेकॅनिक धावत आला असता, साहेबांनी दोघांना घरी बसवलं असतं.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. आणि ढमी शिंकली. एकदा. माणूस शिंकत नाही? तुम्ही शिंकत नाही? पण विहीणबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली, ढमीच्या पावलांना हात लावला, आणि सगळ्यांसमोर, म्हणजे चिरंजीव, सूनबाई, आमच्या सौ., सगळ्यांसमोर, आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "अहो व्याही, लेकरू आहे ते. बटाटा नव्हे. कोंब फुटेल म्हणून ठेवलंय का असं?"

हसले. सगळे हसले. चिरंजीव मोकळेपणानं हसला, त्याला मी शिकवलं, वाढवलं. सूनबाईंनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. आणि आमच्या सौ., इतक्या वर्षांचा संसार, कधी मोठ्यानं हसल्या नाहीत, त्याही हसून हसून भिंतीला टेकल्या.

मला उत्तर सुचलं नाही असं समजू नका. सुचलं. वीस मिनिटांनी, विहीणबाई निघून गेल्यावर, मी दाराशी चपला ओळीत लावत होतो तेव्हा. "मग तुम्ही काय पीठ समजता तिला? झाकून ठेवलं की फुगेल?" काय वाक्य होतं. नेमकं, घरंदाज, वर्मी लागणारं. आणि ऐकायला कोण, तर चपला. मी ते वाक्य जपून ठेवलं. रोज सकाळी दाढी करताना एकदा म्हणून बघत होतो. सूड नव्हे हो. न्यायाला वेळ लागतो, तोवर वाक्य गंजू नये एवढंच.

आणि हे नुसतं मानापमानाचं असतं तर मी गिळलं असतं. पण सूनबाईंची रजा संपत आली होती. त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासतात. पहिल्या तारखेला कामावर. चिरंजीव दिवसभर बाहेर. मग दिवसभर ढमी कोणाकडे? आमच्याकडे, की बेकरीमागच्या त्यांच्या दोन खोल्यांत? हा खरा प्रश्न. सूनबाई कमी बोलतात, मला त्यांचा तो गुण फार आवडतो. मला आणि विहीणबाईंना समोर बसवून त्या म्हणाल्या, "बाबा, आई, खाणंपिणं मी लिहून देईन, त्यात कोणी चुकणार नाही. पण ती दिवसातून तीनदा झोपते, आणि झोपताना तिच्या अंगात काय असावं हे तुमच्या दोघांचं काही जुळत नाही. जास्त कपडे झाले तर तिला सांगता येत नाही, कमी झाले तरी सांगता येत नाही. एक दिवस बाबा, एक दिवस आई, इथंच येऊन सांभाळा. महिनाअखेर मी ठरवेन."

तुम्हाला गंमत वाटेल, पण मला ढमी हवी होती. का, ते सांगतो आणि पुढे जातो. एकतीस वर्षं माझं कामच काही वाढू न देण्याचं होतं. बटाट्याला कोंब फुटला की ती माझी चूक. चिरंजीव लहान होता तेव्हा मी निघायचो तो झोपलेला आणि परतायचो तो झोपलेला, आणि त्याच्या अंगात काय असायचं विचाराल तर मला सांगता येणार नाही. ढमी माझी करंगळी मुठीत धरून झोपते. झोप लागली की मूठ सैल पडते. मी तरीही करंगळी काढत नाही. एवढंच.

तर मग मी दुकानात गेलो. तान्ह्या मुलांच्या कपड्यांच्या. खिशात तापमापक. धर्माच्या बाजूनं लढायचं तर साधनं शुद्ध हवीत. दुकानदार गोड माणूस, फार गोड, मला गोड माणसांचा संशय येतो.

"या साहेब, बाळ केवढं आहे?"

"सहा महिने."

"मग वर्षाचं घ्या, वाढत्या अंगाचं."

"झोपेत सैल कपडा वर सरकतो, तोंडावर येतो. अंगाबरोबर हवा." हे वाक्य सूनबाईंचं, पण मी माझ्या आवाजात म्हटलं.

"मग हे बघा. एकदम उबदार. अस्वल आहे. टोपी जोडलेलीच आहे, टोपीला कान आहेत."

"कान कशाला?"

"गोड दिसतात साहेब."

"झोपलेल्या माणसानं गोड दिसून काय करायचं? हे किती अंशांसाठी आहे?"

"अंश... हे हिवाळ्यासाठी आहे."

"कोणाच्या हिवाळ्यासाठी? खोलीत किती असतात तेव्हा?"

"साहेब, सगळे हेच नेतात."

सगळे हेच नेतात. तुम्हाला सांगतो, जगातली निम्मी पापं या एका वाक्याच्या आडोशानं चालतात. मी तापमापक काढला, त्याच्या टेबलावर ठेवला आणि उभा राहिलो. पाच मिनिटं लागतात, पाऱ्याला घाई नसते. मागे रांग लागली. एक बाई म्हणाल्या, "आजोबा, ताप आलाय का दुकानाला?" मी दुर्लक्ष केलं. अठ्ठावीस. मी दुकानदाराला म्हटलं, "आता या अठ्ठावीस अंशांना हे अस्वल तुम्ही स्वतः घालून झोपाल?"

तो म्हणाला, "माझ्या मापात येत नाही साहेब."

आणि तिथं, अस्वलाचे कान हातात धरलेले असताना, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मापात येत नाही, म्हणून माणसं सुटतात. मोठ्या मापात आणलं तर? जे लेकराला घातलं ते घालणाऱ्याच्या अंगावर चढवलं तर? मी त्या माणसाला नमस्कार केला. पातळ सुती पूर्ण बाह्यांचे दोन कपडे घेतले, आणि एक ती बिनबाह्यांची झोपायची पिशवी, जिच्यात पाय झाकले जातात आणि हात व तोंड मोकळं राहतं, आणि घरी आलो तो अक्षरशः गुणगुणत आलो. आमच्या सौ. म्हणाल्या, "काय झालंय? कोणाचं वाटोळं करताय?" इतक्या वर्षांची ओळख असली की असं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पुरावा. पुराव्याशिवाय न्याय नाही. नवी वही घेतली, रेघा मारल्या. विहीणबाईंच्या वारी मी सहज म्हणून जायचो, सहज म्हणून खोलीत डोकावायचो, सहज म्हणून भिंतीवरचा तापमापक वाचायचो. "सोमवार. दुपारी एक. चोवीस अंश. थर तीन. मोजे." "बुधवार. दुपारी दोन. सव्वीस अंश. थर चार. विचारलं असता 'तुम्हाला काय कळतं' असं उत्तर." आणि माझ्या वारी त्या सहज म्हणून यायच्या, पंखा सहज बंद करायच्या, ढमीच्या पायांवर सहज शाल टाकून जायच्या. मी शाल काढायचो. त्या परत यायच्या. "शाल कुठे गेली?" "घडी करून ठेवली." "लेकराचे पाय बघा, बर्फ झालेत." "बर्फ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, विहीणबाई." अशी आमची संभाषणं. आणि मग शुक्रवार उजाडला, सत्तावीस अंशांचा, टोपड्याचा, जो तुम्हाला सुरुवातीलाच सांगितला. मी नाडी सोडली, टोपडं काढलं, केस घामानं चिकटलेले, गळ्याभोवती घामोळं उठलेलं, लाल, बारीक. विहीणबाई मागे उभ्या. "काढलंत? कानात वारा जाईल ना तिच्या."

"वारा कुठून जाईल? फटीला तुमचा टॉवेल आहे."

त्यांनी टोपडं माझ्या हातून काढून घेतलं आणि नीट घडी करून पिशवीत ठेवलं, जपून, पुन्हा वापरायला. तेव्हा मी तारीख ठरवली. रविवार.

रविवारी दुपारी सगळे जमले. ढमी आत झोपायच्या तयारीत. मी उभा राहिलो आणि म्हणालो, अगदी शांतपणे, "ज्यानं लेकराला कपडे घालायचे, त्यानं तितकेच थर स्वतःच्या अंगावर घालून, त्याच खोलीत, लेकराच्या एका झोपेइतका वेळ बसून दाखवावं. ही माझी एवढीच विनंती आहे." आणि पिशवी उघडली. बनियन, फ्लॅनेलचा सदरा, माझा शीतगृहातला जाड कोट, त्यावर गुंडाळायला घोंगडी, जाड मोजे, हातमोजे, आणि लोकरीची टोपी. टोपीला नाडी नव्हती. मी शिवली होती. दोन संध्याकाळी लागल्या, बोटाला सुई टोचली, पण नाडी पाहिजे म्हणजे पाहिजे. याला तुम्ही सूड म्हणाल. मी न्याय म्हणतो, बारकाव्यांसह.

विहीणबाईंनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. मला वाटलं, आता रडतील, आता चिडतील, आता म्हणतील चुकलं माझं. त्या म्हणाल्या, "आणा."

बनियन राहू दे म्हणाल्या, आतलं माझं मला आहे. बाकी सगळं चढवलं. नाडी स्वतः बांधली. पाळण्याशेजारच्या खुर्चीत बसल्या, पंखा बंद, सव्वीस अंश. आणि मी समोर, स्टुलावर, वही उघडून, त्यांच्या कपाळाकडे बघत. एक थेंब. मला एकच थेंब हवा होता. पाच मिनिटं, काही नाही. दहा मिनिटं, काही नाही, उलट मलाच फुटलाय, वहीवर ठिपके पडताहेत. पंधराव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "व्याही, ती खिडकी जरा ओढून घ्या, मानेवर वारा लागतोय." अर्ध्या तासानं, "चहा टाका कोणीतरी. गरम हवा." चहा प्यायल्या. फुंकर न घालता. आणि मग, तुम्हाला सांगतो, त्यांची मान कलली, आणि त्या कोटात, त्या टोपीत, मी शिवलेल्या नाडीसकट, विहीणबाई घोरू लागल्या. चांगला तास काढला त्यांनी. ढमी उठली तरी या उठेनात. उठल्या त्या ताज्यातवान्या. "छान लागली हो झोप. हा कोट चांगला आहे. कुठे मिळतो?"

चिरंजीव पुन्हा हसू लागला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आता तुम्ही," विहीणबाई म्हणाल्या.

"मी काय?"

"तुम्ही तिला जे घालता ते. बिनबाह्यांचं, पाय उघडे, पंखा, खिडकी. नियम दोघांना नको?"

नियम मीच केला होता. एकतीस वर्षांत साहेबांसमोर मी सदऱ्याचं वरचं बटण उघडलं नाही, आणि विहिणीसमोर बिनबाह्यांचा बनियन आणि अर्धी चड्डी घालून बसलो, गुडघे जुळवून, मांडीवर वही ठेवून. ऊन उतरलं होतं, खिडकीतून गार झोत येत होता, वीस अंश, आमच्या सौ. दारातूनच "अहो, काहीतरी पांघरा" म्हणत होत्या. आणि मला कसं वाटत होतं? बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, किंचित उकडत होतं.

हीच ती वेळ, असं मला वाटलं. तीन आठवडे जपलेलं वाक्य. मी ताठ बसलो, जितकं अर्ध्या चड्डीत बसता येतं तितकं, आणि म्हणालो, "विहीणबाई, मग तुम्ही काय पीठ समजता तिला? झाकून ठेवलं की फुगेल?"

कोणी हसलं नाही. विहीणबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "फुगतंच ना. कोमट जागा हवी, वरून झाकण हवं, वारा लागता कामा नये. तुम्हाला हो कसं माहीत?"

गेलं. तीन आठवड्यांची दाढी गेली वाया.

आणि मग सूनबाई बोलल्या. भिंतीला टेकून उभ्या होत्या, ढमी कडेवर. "आमच्या लॅबमध्ये एखादं यंत्र चुकीचं दाखवू लागलं ना, की त्याला पट्टी लावून बाजूला ठेवतात. 'वापरू नये' म्हणून. बाबा, तुमचा हात एकतीस वर्षं चार अंशांत वावरला, तुम्हाला सगळंच गरम लागतं. आई, तुझा हात भट्टीत, तुला सगळंच गार. तुम्ही दोघं तिला हात लावून सांगता ते तिचं नसतंच. तुमचं स्वतःचं असतं."

मी गुडघे अजून जवळ घेतले.

"मग पाळणाघर बघू," चिरंजीव म्हणाला. असा सहज म्हणाला, जसं काही दूध बदलायचं आहे.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. महिनाभरात प्रथमच आम्ही एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहत नव्हतो, ढमीवाचून रिकाम्या दोन घरांतली दोन माणसं म्हणून पाहत होतो. त्यांनी हळूच नाडी सोडली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. केस विस्कटलेले होते. फार बारीक दिसल्या.

सूनबाईंनी ढमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाल्या, "पण यंत्र नेहमी एकाच बाजूला चुकत असेल तर ते टाकत नाहीत. चालवून घेतात." आणि निकाल दिला. पाळणाघर नाही. आमचं घर नाही, बेकरी नाही. दोघांनी इथं यायचं, रोज, एकत्र. कपडे त्या सकाळी स्वतः काढून ठेवणार, पातळ सुती पूर्ण बाह्यांचं, वर ती पिशवी लागली तर. टोपी नाही, सुटं पांघरूण नाही. आणि झोपवल्यावर दोघांनी तिच्या मानेमागे हात लावायचा. हातपायांना नाही, ते गारच असतात, डॉक्टरांनी सांगितलंय. "बाबा म्हणाले गरम आणि आई म्हणाली गार, तर सगळं ठीक, झोपू द्या. दोघांना गार लागली तर पिशवी चढवा. दोघांना गरम लागली तर पिशवी काढा, आणि मला फोन करा."

म्हणजे समजलं का तुम्हाला? ज्या बाईंना त्या घरातून घालवण्यासाठी मी नाड्या शिवल्या, त्यांच्याच शेजारी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एकाच खोलीत. त्या शाल गुंडाळून, मी सदऱ्याच्या बाह्या दुमडून. पंख्याचं बटण आम्हा दोघांनाही वर्ज्य. आणि दिवसातून तीनदा पाळण्यापाशी उभं राहायचं. मी हात लावायचा. "गरम." त्या हात लावायच्या. "गार." "गरम आहे, विहीणबाई." "गार आहे हो." झालं. झोपू द्या. पहिल्या आठवड्यात घामोळं गेलं, शिंका थांबल्या, ढमी दोन-दोन तास सलग झोपू लागली. आणि एक कबूल करतो, मला यात थोडं समाधान होतं. दिवसातून तीनदा मी त्यांना तोंडावर खोटं ठरवतो आणि कोणी मला खुनशी म्हणत नाही. सूड नाही, न्याय नाही, कामच ते.

मग परवाचा गुरुवार. दुपारची झोप. मी मानेमागे हात लावला. "गरम." आणि वाट बघत राहिलो. विहीणबाईंनी हात लावला. पुन्हा लावला, यावेळी उलटा हात. मग म्हणाल्या, "गरम आहे."

तुम्हाला सांगतो, शीतगृहात चारही दालनांच्या घंटा एकदम वाजल्या असत्या तरी मी इतका हबकलो नसतो. मी म्हणालो, "नीट बघा." त्या म्हणाल्या, "बघितलं." "गार नाही?" "नाही हो व्याही, गरम आहे." मी म्हणालो, "एकदा गार म्हणा ना." असं म्हणालो मी. त्या माझ्याशी भांडल्या नाहीत, हे तर फारच वाईट. पिशवी काढली, तापमापक काढला, माणसांचा, अडतीस पूर्णांक सात. सूनबाईंना फोन केला तो विहीणबाईंनी, माझ्या बोटांना आकडे सापडेनात. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर आम्ही शेजारी शेजारी, सूनबाई आत ढमीला घेऊन, आणि विहीणबाईंनी माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरलेली, त्यांना ते ठाऊकही नव्हतं. मी हात हलवला नाही. डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे, दोन-तीन दिवसांत उतरेल, वेळेवर आणलंत.

दोन दिवस आमचं एकमत होतं. प्रत्येक वेळी. "गरम." "गरम." घरात एक शब्द भांडण नाही. आमच्या सौ. म्हणाल्या, इतकी भयाण शांतता त्यांनी कधी पाहिली नव्हती.

आणि आज सकाळी. ढमी झोपली. मी हात लावला. मला तर गरमच लागते, मला सगळंच गरम लागतं, माझ्यावर काय विसंबायचं? "गरम," मी म्हणालो आणि विहीणबाईंच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी हात लावला. मुद्दाम वेळ घेतला त्यांनी, मला कळलं, या बाई कोटाची आठवण ठेवून आहेत. शाल सारखी केली. मग म्हणाल्या, "गार."

मी स्टुलावर बसलो. ताप उतरला होता. त्यांना काही दाखवलं नाही, दाखवलं तर उद्या मला छळायला 'गरम' म्हणतील. महिनाभर मी या बाईंना चूक ठरवण्यासाठी धडपडलो. आता त्या रोज तीन वेळा चुकतात, आणि मीच श्वास रोखून उभा असतो, की चुकताहेत ना.